शितावरून भात कळतो, खडा नाही

२००८ च्या निवडणुकीत अमेरिकेतल्या ३२,८०० लोकांनी इंटरनेटवर एक लांबलचक प्रश्नावली भरली. मत कोणाला, इराकमधल्या युद्धाबद्दल काय वाटतं, शिक्षण किती, उत्पन्न किती, असे एकामागून एक प्रश्न त्यात होते. मधेच कुठेतरी एक साधा प्रश्न होता : तुमचा जन्म इथला की तुम्ही बाहेरून आलात, आणि आला असाल तर इथलं नागरिकत्व घेतलंत का? समोर पाच पर्याय होते. ३३९ जणांनी जो पर्याय निवडला त्याचा अर्थ असा : मी बाहेरून आलो आहे आणि मी अमेरिकेचा नागरिक नाही.

या ३३९ टिचक्यांवर सहा वर्षांनी एक शोधनिबंध उभा राहिला. नवव्या वर्षी त्यातला आकडा व्हाइट हाउसच्या पत्रकार परिषदेत ऐकू आला. दहाव्या वर्षी याच प्रकारच्या आकड्यांची कॅन्ससच्या न्यायालयात उलटतपासणी झाली, आणि त्या खटल्यात तीस हजारांहून अधिक माणसांचा मताधिकार पणाला लागलेला होता. आकडेवारीचा हा वाद मला फार महत्त्वाचा वाटतो. एखादा आकडा खोटेपणा न करताही कसा फसवतो, हे त्यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

मुळात हा प्रश्न सर्वेक्षणातून सोडवावा असं कोणाला का वाटलं? अमेरिकेत प्रत्येक नागरिकाची नोंद असलेलं एकच राष्ट्रीय दप्तर नाही. मतदार याद्या राज्यांच्या हातात आहेत. १९९३ च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यानंतर वाहन परवान्याच्या कचेरीतच मतदार म्हणून नाव नोंदवता येऊ लागलं. अर्जावर ‘मी नागरिक आहे’ असं लिहून सही करायची, आणि ते खोटं ठरलं तर शिक्षा. नागरिक नसलेल्याने राष्ट्रीय निवडणुकीत मत देणं हा १९९६ पासून संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंग होऊ शकतो, देशाबाहेर काढलं जाऊ शकतं आणि पुढे नागरिकत्वाचा रस्ताही बंद होऊ शकतो. एका मतासाठी एवढा धोका कोण पत्करेल, असं एक बाजू म्हणते. कागद कोणी तपासतच नाही, मग पत्करणारे असतीलच, असं दुसरी म्हणते. यादीवर नागरिकत्वाचा पुरावा नाही आणि पुराव्याचं एकच दप्तर नाही. तेव्हा लोकांनाच विचारून पाहू, हा विचार साहजिक होता.

व्हर्जिनिया राज्यातल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठाचे जेसी रिचमन, गुलशन चट्ठा आणि डेव्हिड अर्नेस्ट यांनी तेच केलं. त्यांनी स्वतः नवं सर्वेक्षण घेतलं नाही. अनेक विद्यापीठं मिळून चालवत असलेल्या ‘कोऑपरेटिव्ह काँग्रेशनल इलेक्शन स्टडी’ या मोठ्या पाहणीची माहिती त्यांनी घेतली आणि स्वतःला बिगरनागरिक म्हणवणाऱ्यांची उत्तरं वेगळी काढली. ३३९ पैकी ६७ जण असे निघाले की ज्यांनी मतदार म्हणून आपलं नाव आहे असं सांगितलं होतं किंवा ज्यांचं नाव यादीशी जुळलं होतं. मत दिल्याचं सांगणारे किंवा मतदानाच्या नोंदीत सापडलेले मिळून ३८ होते. सांगितलंही आणि नोंदीतही सापडलं, असे फक्त ५. या दोन टोकांच्या मधला हिशेब करून त्यांनी अंदाज बांधला की २००८ मध्ये ६.४ टक्के आणि २०१० मध्ये २.२ टक्के बिगरनागरिकांनी मत दिलं असावं. नागरिक नसलेले प्रौढ त्या वेळी देशात सुमारे १ कोटी ९४ लाख होते. त्याच्याशी ६.४ टक्क्यांचा गुणाकार केला की बारा लाखांहून अधिक मतं होतात.

२०१४ साली हा निबंध ‘इलेक्टोरल स्टडीज’ या नियतकालिकात आला आणि ऑक्टोबरमध्ये, निवडणूक तोंडावर असताना, लेखकांनी त्याचा सारांश ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या संकेतस्थळावर मांडला. २००८ च्या निवडणुकीत मिनेसोटातून सिनेटवर गेलेले अल फ्रँकन फक्त ३१२ मतांनी निवडून आले होते, आणि ओबामांच्या आरोग्य कायद्यासाठी सिनेटमध्ये लागणारं साठावं मत त्यांचं होतं. एवढ्या निसटत्या लढतीत बिगरनागरिकांच्या मतांनी पारडं फिरलं असू शकतं, असं त्या लेखात सुचवलं होतं. लेख देशभर फिरला.

गाव आणि वाडी

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. सर्वेक्षणाचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत आहे. भांडं नीट ढवळलेलं असेल तर एक शीत दाबून भात शिजला की नाही ते कळतं. पण भातात खडा आहे का, आणि असला तर किती खडे आहेत, हे शितावरून सांगता येत नाही. जी गोष्ट भांडंभर सारखी पसरलेली असते तिच्यासाठी नमुना उपयोगी पडतो. जी हजारात एखादी असते तिथे तो हात टेकतो. आणि हात टेकल्याचं आपल्याला कळतही नाही, कारण आकडा तर समोर येतच असतो.

या पाहणीची माहिती गोळा करणाऱ्या चमूतलेच तीन अभ्यासक पुढे आले : ब्रायन शाफनर, हार्वर्ड विद्यापीठाचे स्टीफन अँसोलाबेहेअर आणि पाहणी घेणाऱ्या यूगव्ह कंपनीच्या समांथा लुक्स. आमच्याच आकड्यांतून तुम्ही हा निष्कर्ष काढू शकत नाही, असं त्यांनी २०१५ साली त्याच नियतकालिकात लिहिलं. त्यांचा मुद्दा समजून घ्यायला गणिताची भीती बाळगण्याचं कारण नाही.

एक मोठं गाव आहे, वस्ती साडेबत्तीस हजार. त्याला लागून एक वाडी आहे, वस्ती तीनशे. गावातल्या हजारातला एक माणूस नजरचुकीने वाडीच्या रांगेत जाऊन उभा राहिला, तर गावाला त्याचा पत्ताही लागणार नाही. पण वाडीत एकदम बत्तीस परकी माणसं दिसतील. वाडीतल्या हजारातला एक तसाच चुकला, तर तिकडे अर्धा माणूसही जात नाही. चुकीचं प्रमाण दोन्हीकडे सारखं, परिणाम मात्र सारखा नाही. आता वाडीतल्या रांगेची पाहणी करून कोणी म्हणालं की ‘या वाडीतल्या दहापैकी एकाची शेती गावच्या शिवारात आहे’, तर ते विधान वाडीबद्दल काहीच सांगत नाही. ते रांग चुकलेल्या गावकऱ्यांबद्दल आहे.

२००८ च्या पाहणीला हेच लावून पाहू. ३२,८०० मधून ३३९ वजा केले की सुमारे साडेबत्तीस हजार नागरिक उरतात. त्यांच्यातल्या हजारातल्या फक्त एकाने चुकून ‘नागरिक नाही’ यावर टिचकी मारली असं धरलं, तर तसे सुमारे ३२ जण होतात. अशा पाहण्यांत भाग घेणारे नागरिक राजकारणात रस असलेले असतात. त्यांच्यातल्या दहापैकी सात जणांनी मतदान केलं असं धरलं तर बावीस-तेवीस ‘बिगरनागरिक मतदार’ तयार होतात. रिचमन आणि सहकाऱ्यांच्या ६.४ टक्क्यांमागे किती माणसं होती? सुमारे २१. म्हणजे एकाही बिगरनागरिकाने मत दिलेलं नसलं, तरी हजारात एका नजरचुकीतून हा अख्खा आकडा उभा राहू शकतो. तो तसाच उभा राहिला हे यातून सिद्ध होत नाही. पण खरी घटना आणि नुसती चूक यांतला फरक या आकड्यावरून ओळखता येत नाही, एवढं मात्र पक्कं ठरतं.

हजारात एक चूक होते का खरंच? या प्रश्नाचं उत्तर त्या तिघांकडे होतं, आणि तिथेच त्यांच्या निबंधाचं खरं वजन आहे. २०१० मध्ये ज्यांना विचारलं होतं त्यांच्यातल्या १८,८७८ जणांना २०१२ मध्ये पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला होता. १८,७३७ जणांनी दोन्ही वेळा ‘नागरिक’ म्हटलं. ८५ जणांनी दोन्ही वेळा ‘नागरिक नाही’ म्हटलं. ३६ जण आधी नागरिक नव्हते, नंतर नागरिक झाले, आणि हे शक्य आहे, कारण दोन वर्षांत लोक नागरिकत्वाची शपथ घेतातच. उरले २०. ते २०१० मध्ये नागरिक होते आणि २०१२ मध्ये नव्हते. अमेरिकेचं नागरिकत्व सोडून तिथेच राहत पाहणीची उत्तरं देणारी माणसं जवळपास नसतातच. हे वीस जण रांग चुकलेले गावकरी होते. पावणेएकोणीस हजारांत वीस, म्हणजे हजाराला एकाहून किंचित जास्त. कागदावर धरलेला अंदाज प्रत्यक्षात तसाच निघाला.

दोन्ही वेळा एकच उत्तर देणारे ८५ जण खरोखर बिगरनागरिक असण्याची शक्यता सर्वांत जास्त. २०१० च्या प्रत्यक्ष मतदानाच्या नोंदींशी त्यांची नावं ताडून पाहिली, तेव्हा त्यांच्यात मत दिलेलं कोणीही सापडलं नाही.

परग्रहावरच्या पाहुण्यांची गणती

हे दुखणं या एका विषयाचं नाही. दुर्मीळ गोष्टीची गणती लोकांना विचारून करायला गेलं की ते हटकून उद्भवतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत एका सर्वेक्षणावरून असा अंदाज निघाला की वर्षाला सुमारे २५ लाख वेळा नागरिक स्वसंरक्षणासाठी बंदूक वापरतात. पाच हजारांच्या आसपास लोकांना दूरध्वनीवर विचारलं होतं आणि त्यांच्यातल्या सव्वा टक्क्याहून किंचित अधिक जणांनी ‘गेल्या वर्षात वापरली’ असं सांगितलं होतं. हार्वर्डचे डेव्हिड हेमनवे यांनी त्यावर लिहिताना १९९४ च्या एका जनमत चाचणीकडे बोट दाखवलं. एबीसी न्यूज आणि वॉशिंग्टन पोस्ट यांनी दीड हजार प्रौढांना विचारलं होतं, परग्रहावरचं यान तुम्ही स्वतः पाहिलं आहे का? दहा टक्के ‘हो’ म्हणाले. त्यांना पुढे विचारलं, परग्रहवासीयांशी तुमचा प्रत्यक्ष संपर्क आला का? त्यांतले सहा टक्के ‘हो’ म्हणाले. त्याच पद्धतीने गुणाकार केला तर बारा लाख अमेरिकन माणसं परग्रहवासीयांना भेटली असं मानावं लागतं.

त्या ‘हो’ म्हणणाऱ्यांतले थोडे गंमत करत असतील, थोड्यांनी प्रश्न नीट ऐकला नसेल, थोडे मनापासून तसं मानत असतील. प्रत्येक मोठ्या पाहणीत अशी माणसं असतात. मोजायची गोष्ट चाळीस टक्क्यांच्या घरातली असेल तर त्यांच्यामुळे काही बिघडत नाही. पण ती एक टक्क्याच्या आसपास आली की मोजमाप गोष्टीचं होतं की या माणसांचं, हे सांगता येईनासं होतं. आणि नमुना वाढवून यातून सुटका होत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दहा हजारांऐवजी एक लाख लोकांना विचारा, रांग चुकणारेही दहापट वाढतात. नमुना मोठा केल्याने योगायोगाची चूक कमी होते. उत्तरातली चूक आहे तिथेच राहते, आणि मोठ्या नमुन्यामुळे ती उलट जास्त विश्वासार्ह दिसू लागते.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

रिचमन यांनी माघार घेतली नाही आणि त्यांचे सगळे मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत. स्वतःला बिगरनागरिक म्हणवणाऱ्यांची इतर उत्तरं, म्हणजे वंश आणि स्थलांतराबद्दलची मतं, बऱ्याच अंशी खऱ्या स्थलांतरितांसारखीच होती. मग ती सगळी चुकीची टिचकी कशी, असं त्यांनी विचारलं. शिवाय जो माणूस बेकायदा मत देतो तो पाहणीत ‘मी नागरिक आहे’ असंच सांगेल, मग तुमच्या वाडीत तो दिसणारच नाही.

त्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट म्हणता येते. ८५ जणांत शून्य सापडले याचा अर्थ प्रमाण शून्यच आहे असा होत नाही. संख्याशास्त्रात अशा वेळी वापरायचा एक साधा नियम आहे : काहीच सापडलं नाही तर तीनला नमुन्याच्या संख्येने भागा. जे येईल तिथपर्यंत खरं प्रमाण असू शकतं. तीन भागिले ८५ म्हणजे साडेतीन टक्के. तेव्हा ‘शून्य’ हा उत्तम अंदाज असला तरी एक-दोन टक्के अशक्य ठरत नाहीत. हा मुद्दा मी मुद्दाम मांडतो आहे. जी शिस्त एका बाजूच्या आकड्याला लावायची, ती दुसऱ्या बाजूच्याही आकड्याला लावली नाही तर ती शिस्त उरत नाही.

पण या प्रामाणिक शंकेतूनही एकच निष्कर्ष निघतो. कोणत्याही बाजूने पाहिलं तरी ही पाहणी या प्रश्नाला पुरी पडत नाही. आणखी एक अडचण तर दोघांच्याही आधी येते. देशातल्या बारा प्रौढांमागे साधारण एक जण बिगरनागरिक होता, पाहणीत मात्र शंभरात जेमतेम एक. इंटरनेटवर आपण होऊन नाव नोंदवून राजकारणावरची लांब प्रश्नावली भरणारा बिगरनागरिक आणि शेतात किंवा हॉटेलच्या भटारखान्यात राबणारा बिगरनागरिक यांची एकमेकांशी काय तुलना? भांडं ढवळलेलंच नव्हतं. मग वरच्या थरातलं शीत दाबून तळाचं काय कळणार?

‘नोंदणी आहे का’ या प्रश्नात तर आणखी गुंता आहे. मतदान करणं हे चांगल्या माणसाचं लक्षण मानलं जातं, म्हणून न नोंदवलेले लोकही ‘हो, माझं नाव आहे’ असं सांगतात. अनेकांना नोंदणी म्हणजे नेमकं काय तेच माहीत नसतं, वाहन परवाना काढताना काहीतरी फॉर्म भरला होता एवढं आठवतं. शिवाय मेरीलँडमधल्या टॅकोमा पार्कसारखी काही शहरं नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही स्थानिक निवडणुकीत कायदेशीरपणे मत देऊ देतात. तिथल्या माणसाचं ‘हो’ खरंही असेल आणि निर्दोषही.

आकडा न्यायालयात जातो तेव्हा

जानेवारी २०१७ मध्ये नवे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की तीस ते पन्नास लाख बेकायदा मतं पडली. देशभरच्या एकूण मतांत ते हिलरी क्लिंटन यांच्यापेक्षा सुमारे २९ लाखांनी मागे होते. पत्रकारांनी आधार विचारला तेव्हा प्रवक्त्याने १४ टक्क्यांचा आकडा सांगितला आणि तो प्यू या संस्थेच्या नावावर टाकला. प्यूच्या अभ्यासात तो नव्हता. तो आला होता २०१४ च्या त्या लेखातून, आणि तिथेही १४ टक्के म्हणजे नोंदणी असल्याचं सांगणारे बिगरनागरिक होते, झालेल्या मतदानाचे १४ टक्के नव्हते. आपल्या अभ्यासातून अध्यक्षांचा दावा निघत नाही, असं खुद्द रिचमन यांनी सांगितलं. पण आकडा एकदा निबंधाबाहेर पडला की त्याच्या अंगावरच्या अटी गळून पडतात आणि नुसता आकडा फिरत राहतो.

कॅन्ससमध्ये तो आधीच कामाला लागला होता. तिथले सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याचा निवडणूक कारभार पाहणारे अधिकारी, क्रिस कोबाक यांच्या पुढाकाराने २०१३ पासून नियम लागू झाला होता : मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर जन्मदाखला, पासपोर्ट असा नागरिकत्वाचा कागद दाखवा. कागद वेळेत न दिल्यामुळे ३१,०८९ जणांचे अर्ज अडकले किंवा रद्द झाले. अर्ज करणाऱ्या दर आठांमागे साधारण एक. मार्च २०१८ मध्ये या नियमावर संघराज्य न्यायालयात खटला चालला. कोबाक यांच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून रिचमन उभे राहिले, विरुद्ध बाजूने अँसोलाबेहेअर.

कॅन्ससमध्ये १८,००० बिगरनागरिकांनी नोंदणी केली असावी किंवा तसा प्रयत्न केला असावा, असा अंदाज रिचमन यांनी दिला. त्याच्या मुळाशी ३७ बिगरनागरिकांची पाहणी होती. त्यांतल्या सहा जणांनी आपण नोंदणी केली किंवा करून पाहिली असं सांगितलं होतं. सहा माणसांच्या तोंडच्या उत्तराला राज्यभरच्या बिगरनागरिकांच्या संख्येने गुणलं की अठरा हजार होतात. दुसऱ्या एका हिशेबात अडकलेल्या अर्जांमधली परदेशी वाटणारी नावं वेगळी काढली होती. उलटतपासणीत वकील डेल हो यांनी दाखवून दिलं की काही लोपेझ आडनावांना परदेशी धरलेलंच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, कार्लोस मुर्गिया हे नाव परदेशी धराल का? बहुधा धरेन, असं उत्तर आलं. कार्लोस मुर्गिया हे त्याच न्यायालयाच्या इमारतीत बसणारे न्यायाधीश होते.

न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी १८ जून २०१८ रोजी निकाल दिला. सापडलेली प्रकरणं म्हणजे हिमनगाचं टोक आहे, असं कोबाक सांगत आले होते. १९९९ पासूनच्या सगळ्या नोंदी चाळून कॅन्ससच्या यादीत आलेले बिगरनागरिक निघाले ३९. हिमनग नाहीच, आहे ती बर्फाची एक बारीक सळई, आणि तीही बहुतांशी गोंधळातून आणि कारकुनी चुकांतून तयार झालेली, असं न्यायाधीशांनी लिहिलं. नियम रद्द झाला. २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही.

यादीलाही तोच रोग

पाहणीऐवजी याद्या एकमेकींशी जुळवल्या तर? तिथेही गाव आणि वाडीचं गणित सुटत नाही. जानेवारी २०१९ मध्ये टेक्ससने जाहीर केलं की ९५,००० मतदार बहुधा बिगरनागरिक आहेत. वाहन परवाना काढताना ज्यांनी आपण नागरिक नसल्याचे कागद दिले होते त्यांची नावं मतदार यादीशी जुळवली होती. परवाना वर्षानुवर्षं चालतो. मधल्या काळात लाखो लोक रीतसर नागरिक होतात आणि मग हौसेने मतदार म्हणून नाव नोंदवतात. काही दिवसांतच त्यांतले सुमारे २५,००० जण पक्के नागरिक असल्याचं निघालं, प्रकरण न्यायालयात गेलं, यादी मागे घ्यावी लागली आणि तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटना पद सोडावं लागलं. फ्लोरिडाने २०१२ मध्ये १,८०,००० संशयित नावांपासून सुरुवात केली होती, शेवटी यादीतून निघाली ८५.

टेक्ससची ही गोष्ट आपल्या घरापासून फार लांब नाही. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमध्ये एच-१बी व्हिसावर गेलेले, परवाना त्याच व्हिसावर काढलेले, वर्षानुवर्षं ग्रीन कार्डची वाट पाहिलेले आणि मग शपथ घेऊन नागरिक झालेले मराठी लोक अनेक आहेत. अशा जुळवणीत नेमकी हीच माणसं सापडतात. शपथविधीहून परतताना ज्या मताची त्यांना ओढ असते, तेच मत त्यांना संशयाच्या यादीत नेऊन बसवतं.

मग खरं प्रमाण किती? नेमका आकडा कोणी देऊ शकत नाही, पण वेगवेगळ्या वाटांनी केलेली तपासणी एकाच दिशेला बोट दाखवते. नॉर्थ कॅरोलिनाने २०१६ च्या निवडणुकीनंतर नोंदी तपासल्या तेव्हा सुमारे ४८ लाख मतांमध्ये ४१ मतं बिगरनागरिकांची निघाली. जॉर्जियाने २०२४ मध्ये ८२ लाख मतदारांची यादी तपासली, २० सापडले. तपासणीतून काही निसटत असतील, हे खरं. पण पाहणीने सांगितलेला आकडा आणि माणूस-माणूस तपासून निघालेला आकडा यांत शेकडोपट अंतर पडतं, तेव्हा ते सगळं अंतर निसटलेल्यांचं आहे असं मानायला वेगळा पुरावा लागतो. तो कॅन्ससच्या न्यायालयात मागितला गेला आणि मिळाला नाही.

खडा आहे. एक्केचाळीस मतं म्हणजे एक्केचाळीस खडे, आणि ते काढलेच पाहिजेत. पण खडा शीत दाबून सापडत नाही. त्यासाठी तांदूळ ताटात पसरून एकेक दाणा पाहावा लागतो. मराठीत त्या कामाला निवडणं म्हणतात, आणि निवडणूक हा शब्दही त्याच क्रियापदातून आला आहे. निवडणारी बाई खडा बाजूला टाकताना दाणा टाकत नाही, हीच तिच्या हाताची परीक्षा असते. कॅन्ससमध्ये ३९ खडे होते आणि ताटाबाहेर गेले ३१,०८९, ज्यांच्यातले बहुतेक पक्के नागरिक होते. कोणाचं मत हिरावणाऱ्या नियमाला आधार म्हणून एखादा टक्का पुढे केला जाईल, तेव्हा तो टक्का किती माणसांवरून काढला आणि त्यांतली किती रांग चुकलेली होती, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. कारण त्या टक्क्याच्या पलीकडे मतदान केंद्रावर जाऊन परत पाठवलेला एक माणूस उभा असतो.